वरचे दात सोड्याचे, खालचे कोळशाचे

माझी आई दात घासायची म्हणजे काळे करायची. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि उठता-बसता बोटाने दातांवर फिरवत राहायची. मिश्री! कोकणातून येताना ती ही सवय घेऊन आली होती आणि कोणी तिला व्यसन म्हटलं की भडकायची. "दात घट रवतत," म्हणायची. ती तंबाखू भाजायला बसली की घाटकोपरच्या आमच्या चाळीत अख्खा मजला खोकायचा. पण तक्रार कोण करणार? निम्म्या बायका तिच्याकडूनच मिश्री न्यायच्या.

बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पुन्हा सुरूच झाली नाही. ते एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले, पण तेवढ्यावर घर चालेना. अशात डोंगरावरच्या वस्तीतल्या बालवाडीत मदतनीस हवी आहे असं कळलं. आई सातवी पास होती, गाणी झकास म्हणायची, आणि कुणाचंही पोर तिच्याकडे दोन मिनिटांत रुळायचं. बालवाडीच्या मुख्य बाईंनी तिला बोलावलं, दोन गाणी म्हणून घेतली, खूश झाल्या. मग म्हणाल्या, "एकच अडचण आहे हो. आम्ही इथे पोरांना दात घासायला शिकवतो आणि तुमचं तोंड हे असं. मिश्री सोडा, दात स्वच्छ करा आणि दिवाळीची सुट्टी संपली की या. तोवर जागा धरून ठेवते."

आई घरी आली ती भिंतीकडे तोंड करून बसली. तिला ती नोकरी हवी होती. घराला हातभार लागणार होताच, पण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला तिच्या गुणासाठी बोलावलं होतं, आणि ते हातचं जाईल या भीतीने ती रडवेली झाली होती. मला ते बघवेना.

मी नववीत होते. शास्त्रात मार्क बरे पडायचे, त्यामुळे डोक्यात हवा. म्हटलं, "रडतेस काय? दिवाळीला अजून महिना आहे. मी करते तुझे दात पांढरे."

चाळीत बातमी फुटायला कितीसा वेळ? समोरच्या खोलीत मराठवाड्यातून आलेल्या काकू राहायच्या. त्या म्हणाल्या, बाभळीची काडी. तळमजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, केळ्याची साल आतल्या बाजूने घासायची. कोणी सोडा-लिंबू सुचवलं, कोणी कोळसा आणि मीठ. बाबा म्हणाले, "टीव्हीवर दाखवतात ती पेस्ट आणू?" आई फणकारली, "त्या टीव्हीवरच्या बायांनी जन्मात कधी मिश्री लावली नाय!"

आता एवढ्यातलं खरं काय, हे ठरवायचं कसं? तुलना करायची तर दोन तोंडं हवीत, आणि आमच्याकडे होतं एकच. मग मी तेच वाटून टाकलं. वरची रांग सोडा-लिंबाला, खालची कोळसा-मिठाला.

"गो चेडवा, ह्यां माझां तोंड आसा, तुझी प्रयोगवही नाय!" आई ओरडली. पण घासू दिलं.

आठवडाभरात वरचे दात खरंच उजळले. खालचे जवळपास तसेच, शिवाय तिथल्या हिरड्या सोलून निघालेल्या. ती बोलायला लागली की तोंडात दोन वेगळ्या बायकांचे दात दिसायचे. बाबा हसून हसून लोळायचे तेवढे बाकी होते. मी थाटात निकाल जाहीर केला, सोडा-लिंबू पहिलं! दुसऱ्या दिवशी आईने चहाचा घोट घेतला आणि "आये गो!" म्हणत कप आपटला. वरच्या दातांना गरम सोसेना, गार सोसेना, साधं पाणीसुद्धा झोंबायला लागलं. लिंबाने दातांवरचं कवचच खाल्लं होतं. झालं, माझ्या प्रयोगाची वाट लागली. मग केळ्याची साल लावून बघितली, तिने ना त्रास झाला ना फरक पडला. बाभळीच्या काडीने तोंडाला जरा बरं वाटायचं, पण डाग ढिम्म हलेनात.

शेवटी समोरच्या काकूंनीच तिला हाताला धरून म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नेलं, मागोमाग मीही गेले. तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी काळा थर खरवडून काढला. मला म्हणाल्या, "लिंबू बंद, कोळसा बंद. मऊ ब्रश आणि साधी पेस्ट." मग आईला म्हणाल्या, "आणि मिश्री परत लावलीत, तर हे सगळं फुकट."

खरी लढाई तीच होती आणि तिच्यात माझा काही उपयोग नव्हता. मिश्रीवाचून आईचं डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, भांडं पडलं तरी ती माझ्यावर खेकसायची. एकदा जिन्यात तळमजल्यावरच्या मावशी भेटल्या. म्हणाल्या, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही गं बाई. कशाला जिवाला त्रास?" आणि स्वतःची मिश्रीची डबी पुढे केली. मला असा राग आला! ती डबी तिथेच उडवून द्यावीशी वाटली. आई डबीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मेल्यार गेली, तर मगे नोकरी कधी करू?" घरात आली आणि मूठभर बडीशेप तोंडात टाकून बसली. मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

दिवाळी संपली. दात काही पांढरे झाले नाहीत. झाले असते तर सांगायला मजा आली असती. पिवळट होते, फटींमध्ये तपकिरी रेघा होत्या. मुख्य बाईंनी निरखून बघितलं आणि विचारलं, "सुटली?" आई म्हणाली, "सुटली." बाई म्हणाल्या, "मग उद्यापासून या."

पुढे एकदा माझ्या शाळेला सुट्टी होती म्हणून मी तिच्याबरोबर बालवाडीत गेले. आई पोरांना रांगेत बसवून प्रत्येकाचे दात बघत होती. एक चिमुरडी तोंडच उघडेना. आई तिच्यासमोर फतकल मारून बसली, गोड बोलली, गाणं म्हणाली, तेव्हा कुठे पोरीने ओठ उघडले. पुढचे दात काळेकुट्ट. दात दुखतो म्हणून घरच्यांनी मिश्री लावली होती आणि मग तिला तिची चटकच लागली होती. बाकीची पोरं "ईऽऽ" करून ओरडली. पोरीने तोंडावर दोन्ही हात घट्ट दाबले.

आईने पोरांना गप्प केलं. मग स्वतःचा जबडा दुखेल एवढा मोठा आ केला.

"बघ. मी पण लावायची."

पोरीने एक हात काढला. संशयाने आत वाकून बघितलं. मग आपलं बोट आईच्या पुढच्या दातावर खसाखसा घासलं आणि उजेडात धरून उलटसुलट करून पाहिलं. बोटाला काही लागलं नव्हतं.

"बाई, तुमचं निघालं?"

"निघालं."

पोरगी आईच्या मांडीवर येऊन बसली आणि तिने आ केला.

"मग माझं पण काढा."