छंद : पेटीवादन

तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शोभाताईंनी माझा बायोडेटा छापून हातात दिला. नाव माझं, शिक्षण माझं आणि सर्वांत खाली, छंद : पेटीवादन.

"अहो ताई, मी जन्मात पेटीला हात लावलेला नाही!" मी जरा तडकूनच म्हणाले.

त्यांची बोटं कीबोर्डवर थांबली. "ती ओळ आमच्या सुहासची. माझा धाकटा भाऊ. या कॉम्प्युटरवर पहिला बायोडेटा त्याचाच केला होता. तो गेला, फाइल राहिली. तिच्यातच सगळ्यांची माहिती भरते मी. त्याचं नाव पुसलं, पत्ता पुसला. एवढं मात्र पुसवत नाही. काढू का?"

मला 'काढा' म्हणवेना.

घरी जाताना वाटत राहिलं, किती कचेऱ्यांच्या कपाटांत, किती परक्या नावांखाली हा मुलगा अजून नोकरी मागत बसला असेल! माणसाची पदवी त्याच्याबरोबर जाते आणि अशी एखादी बिनकामाची ओळ मागे रेंगाळते.

मुलाखतीत साहेबांनी माझ्या कागदावरून नजर उचलली. "तुमच्या गावात सगळेच पेटी वाजवतात का हो?"

मी 'हो' म्हणाले. टेबलाखाली माझी बोटं हलत होती.