शेजारच्या सीटखालचा क्लच

गाडी शिकायची हौस मला कधीच नव्हती. चाळिशी उलटलेल्या बाईने स्कूटीवरून शाळेत शिकवायला जावं, येताना भाजी आणावी आणि चारचाकीत नवऱ्याशेजारी पर्स सांभाळत बसावं, एवढीच माझी झेप. पण त्या उन्हाळ्यात एका सकाळी नवरा दुकानात हार ओवता ओवता खाली पडला. राजापेठेत आमचं फुलांचं दुकान आहे. मी धावत पोचले तेव्हा तो झेंडूच्या ढिगात आडवा होता, दात घट्ट मिटलेले, हातपाय झटके देत होते. शेजारचा दुकानदार त्याच्या नाकाशी चप्पल धरून बसला होता आणि कोणीतरी कांदा फोडत होतं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. नियमित घेतल्या तर काळजी नाही, म्हणाले. मग चष्मा काढून त्याच्याकडे नीट बघत म्हणाले, "गाडी मात्र नाही. मी हो म्हणेपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही."

नवऱ्याने शहाण्यासारखी मान हलवली, खाली आला आणि स्वतः गाडी चालवत घरी आला. मी शेजारी बसले होते.

लोकांना 'चक्कर आली होती' एवढंच सांगायचं ठरलं. ठरवलं त्याने. मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं आणि आमच्याकडे मिरगी हा शब्द एकदा घराला चिकटला की पाहुणे उंबऱ्यावरूनच परततात. अकोल्याला त्याचे थोरले भाऊ राहतात, त्यांनाही सांगितलं नाही. मुलीलाही नाही. आता साधी चक्कर येऊन गेलेल्या माणसाने गाडी का म्हणून सोडावी? लोकांना द्यायला उत्तर नव्हतं, म्हणून तो चालवत राहिला. मी शेजारी बसून त्याचं तोंड बघत राहायचे. ओठ जरा वाकडा झाला की माझा हात हँडब्रेककडे जायचा.

"काय पाह्यतं वं माह्या तोंडाकडे?" तो खेकसायचा. "समोर पाह्य."

शेवटी मीच म्हणाले, "मी शिकतो गाडी. मले आली का मंग तुमी सोडसान?" आमच्या घरात बायकाही असंच बोलतात, शाळेतलं मराठी शाळेतच राहतं.

"शीक तं आधी," असं म्हणून तो हसला. मी तो होकार समजले.

राजापेठेतल्याच एका ड्रायव्हिंग क्लासमध्ये नाव घातलं. तिथले सर सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात धरून बोलणारे, जगात कशाचीच घाई नसलेले. "मॅडम, घाबरता कायले? मी हावो ना," हे त्यांचं पालुपद. क्लासच्या गाडीत त्यांच्याही पायाशी क्लच आणि ब्रेक होता. तो अडीअडचणीसाठी असतो, अशी माझी भाबडी समजूत. मी पहिला गिअर टाकायचे, क्लच सोडायचे आणि गाडी अलगद निघायची. ट्यूशनला निघालेल्या पोरांच्या मोपेड आडव्या यायच्या, मी थांबायचे, पुन्हा निघायचे. गाडी एकदाही बंद पडली नाही. सर खिडकीबाहेर बघत फोनवर साडूची उणीदुणी काढत असायचे. मला वाटायचं, आपल्यात काहीतरी उपजत आहे बुवा. लायसन्सची परीक्षाही त्याच गाडीत, त्याच सरांच्या शेजारी पार पडली.

मग एका रविवारी मी आमच्या गाडीत बसले, नवऱ्याला शेजारी बसवलं. गल्लीतच गाडी झटका खाऊन बंद पडली. चालू केली, पुन्हा बंद. समोरच्या बाई तुळशीला पाणी घालायच्या थांबल्या. कशीबशी मोठ्या रस्त्याला लागले, तर उड्डाणपुलाच्या चढावर गर्दी तुंबलेली. ब्रेकवरून पाय काढला मात्र, गाडी मागे सरकायला लागली. मागे ऑटो, ऑटोत बायका, त्या ओरडायला लागल्या आणि मी नुसता क्लचच दाबत राहिले. नवऱ्याने हँडब्रेक खेचला.

"उतर."

उतरले. तो माझ्या जागेवर बसला आणि गाडी पुलापार नेली. मी शेजारी बसून रडत होते, आणि रडतानाही त्याच्या ओठांकडे बघत होते.

इतके दिवस गाडी सरांचा पाय चालवत होता, मी नुसती स्टेअरिंग धरून मिरवत होते. दुसऱ्या दिवशी तावातावाने क्लासवर गेले. सरांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. "क्लच सोडला का समद्याइचीच गाडी बंद पडते मॅडम. भर रस्त्यात पडली तं लोक आमच्या क्लासले हासतात. म्हणून आमी पाय ठेवतो. लायसन आलं का मंग घरी शिकून घेतात सारे."

म्हणजे पुन्हा नवऱ्याच्याच दारात. सुटीच्या दिवशी आम्ही नांदगाव पेठच्या एमआयडीसीत जायला लागलो. तिथले रस्ते रुंद आणि त्या दिवशी ओस. तिथपर्यंत गाडी तोच न्यायचा, त्यामुळे शिकण्यापेक्षा शिकायला जाण्याचीच मला जास्त धास्ती. पण शिकवलं त्याने मनापासून. "क्लच पायानं नाई, कानानं सोडतात," म्हणायचा. "आवाज जड झाला का थांब. तिथंच धर. आता सोड." बंद पडून पडून एकदा गाडी निघाली. मग चढावर निघाली. मग बडनेऱ्याच्या गर्दीतूनही निघाली. तरी गाडीची चावी त्याच्याच खिशात असायची. मी मागितली की द्यायचा, पण मागावी लागायची. दुकानाचा माल आणायला मी शाळेत असताना तो एकटाच जायचा. मला ते गाडीच्या मागच्या सीटवर पडलेल्या पाकळ्यांवरून कळायचं. भांडले. "डॉक्टरच्या गोया घेऊन राह्यलो ना मी," एवढंच उत्तर.

दिवाळीनंतर थोरल्या दिरांनी अकोल्याचं एक स्थळ सुचवलं. पाहुणे त्यांच्याच घरी येणार, आम्ही मुलीला घेऊन जायचं. सकाळी मी चावी मागितली, त्याने मुकाट्याने दिली. मला आश्चर्यच वाटलं. त्यामागचं कारण मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा कळलं.

चहा संपवून तो सरळ माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. "सरक. इथून पुढं मी घेतो."

मला कळायला हवं होतं. आमच्याकडे बायको सगळा रस्ता स्कूटी चालवत येते आणि गावाच्या फाट्यावर थांबून नवऱ्याला पुढे बसवते. गावात शिरताना हँडल पुरुषाच्या हातात पाहिजे. मी स्वतः हे किती वेळा केलंय.

"नाई," मी म्हणाले.

"काहून?"

"तुमाले मालूम हाये काहून."

मागे बसलेल्या मुलीने मोबाईलमधून डोकं वर काढलं. "काय मालूम आहे?"

आम्ही दोघांनीही तिच्याकडे बघितलं नाही. खरं कारण सांगावं तर ज्या मुलीसाठी इतके महिने लपवलं तिलाच, आणि तेही तिला दाखवायला नेत असताना, या हॉटेलसमोर सांगावं लागणार होतं. न सांगावं तर तीच मागे बसणार आणि हा पुढे स्टेअरिंगवर. मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून ठेवलं.

"भावाच्या दारात बायकोच्या बाजूले बसून उतरू काय मी? पाहुण्याइसमोर?"

"उतरा."

लोक बघायला लागले होते. तो शेजारी येऊन बसला आणि दार इतक्या जोरात आपटलं की काच थरथरली. मी पहिला टाकला. गाडी निघाली. मला वाटत होतं, आपण एका गाडीसाठी संसाराचं वाटोळं करतोय.

बोरगाव मंजू यायचं होतं. ट्रकच्या मागून जात होते. अचानक शेजारून घशातून निघावा तसा एक आवाज आला आणि त्याचा ताठरलेला हात माझ्या दंडावर आदळला. स्टेअरिंग हललं. मुलगी किंचाळली.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. इतके महिने त्याच्याच तोंडाकडे बघत होते आणि त्या क्षणी बघितलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, क्लच, तिसरा, दुसरा, ब्रेक. रस्त्याकडेच्या मुरमावर गाडी घेतली, न्यूट्रल, हँडब्रेक. मग त्याच्याकडे वळले.

पट्टा काढून त्याला कुशीवर केलं. मुलीने बाहेरून येऊन दार उघडलं आणि त्याचं डोकं धरलं. ट्रक गेले की आमची गाडी हलायची.

"आई, हे आधी झालं होतं?"

"हो."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. थोरले दीर होते, पाहुणे येऊन बसले म्हणून सांगायला. मी तिला हाताने खुणावलं, काही सांगू नको. तिने सांगितलं. "मोठेबाबा, बाबांना फिट आली आहे. थांबलोय आम्ही. पाहुण्यांना तसंच सांगा, चक्कर नका सांगू."

झटके थांबले. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. कुठे आहोत ते त्याला उमगेना. त्याने चाचपडत हात पुढे केला, स्टेअरिंग असतं तिथे, आणि त्याच्या हाताला नुसता डॅशबोर्ड लागला. तो इतका घाबरला की उठून बसायला लागला.

"गाडी कोन चालवून राह्यलं होतं?"

"मी."

"पोरगी?"

"बाबा, मी इथेच आहे," ती म्हणाली. तिच्याच हातात त्याचं डोकं होतं. तो मान वळवून तिच्याकडे बघत राहिला.

"मी चालवून राह्यलो असतो तं," तो म्हणाला, आणि त्याने तिचा हात घट्ट धरला.