दाजींचे गुडघे आणि आमची जीप

आमच्या दाजींचे पाय लांब आहेत.

एवढी एकच गोष्ट आमच्या घराची झोप उडवायला पुरेशी झाली. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, मंदाचे यजमान. मुक्काम कडा. माणूस सहा फुटांच्या वर आणि त्यातला बराचसा माल कमरेखाली! याउलट आमचं घराणं. आप्पा, आई, मी, सगळे पाच फुटांच्या आसपास येऊन थांबलेले. (लग्नाच्या फोटोत दाजींच्या पुढं आम्ही बसलोय असं वाटतं. आम्ही उभे आहोत.)

आता आमच्या जीपबद्दल. धारूरच्या पुढं डोंगरात आमचं रान आहे. तिथं दुसरी गाडी टिकत नाही म्हणून आप्पांनी कधीकाळी ही जुनी फोर-व्हील जीप घेतली. ओढा, दगड, चिखल, कशालाही ती भीत नाही. फक्त हिच्यात माणसं पण बसणार आहेत हे बनवणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. गेल्या दिवाळीला मी दाजींना आणि मंदाला बीडच्या स्टँडवरून आणायला गेलो आणि मान म्हणून दाजींना पुढं, माझ्या शेजारी बसवलं. प्रत्येक खड्ड्याला त्यांचे गुडघे समोरच्या पत्र्यावर आपटायचे. टण्! आणि बीड ते धारूर खड्ड्यांना काय तोटा? घर येईपर्यंत दोन्ही गुडघे वांग्याच्या रंगाचे झाले होते.

दाजींनी रात्र कशीबशी काढली आणि सकाळी लंगडत मंदाला घेऊन निघाले. जाताना आईला म्हणाले, "मामी, तुमचं समदं लई चांगलं हाय. पर गाडी सुधरल्याबगर आमी काय पुन्यांदा येत न्हाई."

मंदा आठ दिवसांचे कपडे घेऊन आली होती. पिशवीची चेनसुद्धा न उघडता परत गेली. गाडी आपली, खड्डे सरकारचे, गुडघे दाजींचे, आणि माहेर बुडालं बिचारीचं!

पुढं धोंड्याचा महिना आला. म्हणजे अधिकमास. आमच्याकडं या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं आणि जावई मागेल त्याला नाही म्हणायचं नाही अशी रीत आहे. एरवी दहावा ग्रह असलेला जावई या महिन्यात थेट देवच होतो. आईनं मला समोर बसवलं.

"ह्या धोंड्याला लेक आठ दिस राह्यली पायजे. त्या गाडीचं काय करायचं ते कर."

मी जीप घेऊन धारूरच्या रफिकभाई वेल्डिंगवाल्याकडं गेलो.

"पायाला जागा करायची हाय," मी म्हणालो.

"कुणाच्या?"

"दाजींच्या."

"किती लांब हायेत?"

मी हात जमेल तेवढा वर केला. रफिकभाईंनी वर बघितलं आणि डोक्यावरची टोपी सावरली. मापाला दाजी नव्हते. मग रफिकभाईंनी मला खुर्चीवर बसवलं, माझ्या पायांपुढं दोन विटा आडव्या ठेवल्या आणि म्हणाले, "तुमी अधिक दोन विटा, म्हंजे झाले दाजी." या हिशोबावर काम सुरू झालं.

भंगारातून एका आरामबसची मागं रेलणारी सीट मिळाली. ती डाव्या बाजूला, मूळ जागेपासून चांगली दीड हात मागं बसवली. पुढं-मागं करता यावी म्हणून नट-बोल्टवर. खाली पाय टेकवायला लाकडी पाट. आईनं नवा कापूस भरून गादी केली आणि तिला गुलाबाच्या फुलांचा अभ्रा घातला. आप्पा बघायला आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही जीप हाय का न्हाव्याचं दुकान?"

मग आईच्या ध्यानात आलं. "आरं, ही सीट पार मागं गेली. मी अन् मंदा कुठं बसायच्या? टपावर?"

खरंच होतं. मागं फक्त ड्रायव्हरच्या पाठीमागं कोपरा उरला होता, आणि त्यातही आईचे गुडघे मावत नव्हते. उपाय एकच, ड्रायव्हरची सीट पुढं घ्यायची.

"घे की पुढं," आप्पा म्हणाले. "तुला तसं बी कुठं पाय हायेत?"

घेतली पुढं. हातभर! वर रफिकभाईंना हौस. "इतक्या फुडं बसून तुमास्नी बोनेटच्या पलीकडं काय दिसना. जरा वर घेतो." सीटखाली लोखंडी अँगल लावून ती वीतभर उचलली आणि ठिणग्या उडवत चारी कोपरे जाम केले. "ह्याला बोल्ट न्हाई, कायमची वेल्डिंग हाय. गाडी मोडंल, पर सीट हालायची न्हाई!"

मी चढून बसलो. स्टेअरिंग पोटाशी, पाय बरोब्बर पॅडलवर. जन्मात पहिल्यांदा एखादी गाडी माझ्या मापाची झाली होती. मला भरून आलं.

ठरलेल्या दिवशी मी आईला घेऊन बीडच्या स्टँडवर हजर झालो. दाजी उतरले, मागं मंदा. तिच्या हातात तीच आठ दिवसांची पिशवी. मी ऐटीत डावं दार उघडलं. दाजींनी गादी दाबून बघितली. पाटावर पाय ठेवून बघितला. अभ्र्यावरच्या गुलाबांवरून हात फिरवला.

"माझ्यासाठी केलं?"

"मग काय तर!"

दाजींचे डोळे पाणावले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लई भारी गाडी केलीव राव! द्या चावी."

"चावी?"

"एवढी नटवलीव गाडी, मग मीच चालवतो की!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. (तशी ती माझ्यापासून फार लांब नसते.) मी चाचरत म्हणालो, "दाजी, तुमी पावणे, आरामशीर बसा..." तेवढ्यात आईनं पाठीमागून असा चिमटा काढला की वाक्य आत गेलं.

"धोंड्याचा महिना हाय," ती पुटपुटली. "जावई म्हनले तर म्हनले!"

दाजी ड्रायव्हरच्या सीटवर चढले. चढले म्हणजे काय, आधी डावा पाय आत गेला, मग डोकं, मग बराच वेळ काहीच नाही, आणि शेवटी उजवा पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. स्टेअरिंग दोन गुडघ्यांच्या बेचक्यात बसलं, डोकं टपाला टेकलं. शेजारच्या सिंहासनावर मी. माझे पाय पाटापर्यंत पोचतच नव्हते, हवेत लोंबकळत होते.

"अहो, नीट बसलाव का?" मंदानं विचारलं.

"बसलोय," दोन गुडघ्यांमधून आवाज आला.

गाडी निघाली. क्लच दाबला की डावा गुडघा वर यायचा आणि वायपर सुरू! ब्रेक दाबला की उजवा गुडघा वर, की उजवीकडचा इंडिकेटर! वर निरभ्र आभाळ, कोरडी काच आणि वायपर खर्र खर्र. मागचा ट्रकवाला बराच वेळ आम्ही उजवीकडं वळायची वाट बघत राहिला. शेवटी बाजूला येऊन ओरडला, "कावून बे, वळायचं का न्हाई?"

दाजींना मान वळवता येत नव्हती. ते समोर बघूनच म्हणाले, "न्हाई!"

वाटेत कपिलधारला, त्या धबधब्याजवळच्या देवस्थानात, दर्शन करून जायचं आईनं आधीच ठरवलं होतं. गाडी थांबली. आम्ही उतरलो. दाजी उतरले नाहीत.

"या की खाली," मी म्हणालो.

"येतो." थोडा वेळ गेला. "येतोच." आणखी थोडा वेळ. मग हळूच, "जरा हिकडं या. पाय निघंना."

गुडघे स्टेअरिंगच्या दोन्ही बाजूंना असे अडकले होते की पुढं होईनात, मागं होईनात. मी ओढलं. मंदानं ओढलं. आईनं देवाचं नाव घेऊन ओढलं. गर्दी जमली आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं तेल लावा. कुणी म्हणालं श्वास सोडा. एकानं सुचवलं, "सीट मागं घ्या की, सोपं हाय!"

"ती वेल्डिंग केलीय," मी म्हणालो.

"कुण्या येड्यानं?"

मी त्याला धबधब्याला यंदा पाणी किती आहे ते विचारलं.

शेवटी एका टेम्पोवाल्यानं पाना आणून स्टेअरिंगचा नटच काढला, स्टेअरिंग उपसून मंदाच्या हातात दिलं आणि दाजींना बाहेर खेचलं. पण पाय सरळच होईनात! माणूस बसल्या आकारातच बाहेर आला. आई काही दर्शन सोडायला तयार नव्हती. "इथवर येऊन तसंच माघारी जायचं व्हय?" मग त्याच पान्यानं डावी सीट सोडवली, दाजींना तिच्यावर बसवलं आणि चौघांनी उचललं. गुलाबाच्या गादीवर, पाय पुढं करून, दाजी निघाले. पुढं आई, मागं स्टेअरिंग छातीशी धरून मंदा. दोन-तीन बायांनी बाजूला होऊन दाजींना हात जोडले. दाजींनी जरासा विचार केला आणि आशीर्वाद दिला.

गाडीत स्टेअरिंग आणि सीट परत बसवून मी सगळ्यांना घरी आणलं. दाजींचे गुडघे पुन्हा वांगी झाले होते. आईनं हळद-तुरटीचा लेप लावला आणि सांगितलं, "आता हालायचं न्हाई." ती सीट पुन्हा सोडवून ओसरीवर मांडली. दाजी तिच्यावर रेलून बसले, पाटावर पाय पसरले. तिथंच चहा, तिथंच धोंडे, तिथंच दुपारची झोप. नीट चालायला लागायला त्यांना आठ दिवस लागले, आणि मंदाच्या पिशवीतले सगळे कपडे एकदा तरी दोरीवर वाळले. आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली ती मला हळूच म्हणाली, "दादा, गाडीत दरसाल असंच कायतरी करत जा." मला मनापासून आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदाच माझी चूक कुणाच्या कामी आली होती.

निघायच्या दिवशी आईनं दाजींना अनारशांचं वाण दिलं आणि रीतीप्रमाणं विचारलं, "जावईबापू, आनिक काय पायजे?"

दाजी उठले नाहीत. त्यांनी सीटच्या दोन्ही हातांवरून प्रेमानं हात फिरवला.

"मागू का?"

धोंड्याचा महिना! कोण नाही म्हणणार? दाजी, मंदा आणि ती सीट, तिघंही टेम्पोनं कड्याला गेले.

आता आमच्या जीपमध्ये डाव्या बाजूला नुसता रिकामा पत्रा आहे. आप्पा तिथं पालथ्या घमेल्यावर बसतात आणि रानात पोचेपर्यंत माझा उद्धार करतात. पण कुणी काही म्हणो, पायांसाठी एवढी ऐसपैस जागा असलेली जीप अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरी नाही. फक्त बसायचं कुठं, तेवढं मला विचारू नका.