टांग्याच्या मागच्या बाकावर आई

मी तेव्हा जयपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. बायकोचे दिवस भरत आले होते. तिला आई नव्हती, म्हणून माझीच आई कऱ्हाडहून बाळंतपणाला आली. पहिलं नातवंड! बाळाला स्वतःच्या पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, एवढाच ध्यास तिला लागला होता. "त्यासाठी दाई ठेवलीस तर बघ," असा दमही दिला होता.

त्या सकाळी तिला डिंक-खारका घ्यायला त्रिपोलिया बाजारात सोडायचं आणि त्याच टांग्यानं मी कॉलेजला जायचं, असं ठरलं. दोघंच असलो की टांगेवाला एकाला पुढे आणि एकाला मागे बसवायचा, नाहीतर टांगा उलार होतो, मागे झुकतो. मी त्याच्या शेजारी बसलो. आई मागच्या बाकावर, घोड्याकडे पाठ करून.

मला उशीर झाला होता, आणि उशीर झाला की माझं डोकं फिरतं. आईनं निघताना देवापुढे वेळ लावला म्हणून मी वाटभर धुसफुसत होतो. बाजारात ही गर्दी! पंसाऱ्याचं, म्हणजे तिकडच्या किराणावाल्याचं, दुकान दिसताच मी टांगेवाल्याला म्हणालो, "भैया, रोको मत, बस धीरे कर लो." आणि मान न वळवताच आईला सांगितलं, "उतर गं पटकन. काही होत नाही. तोंड असेल तिकडे दोन पावलं पळायचं की झालं!"

आई बिचारी उतरली आणि तोंड होतं तिकडे पळाली. म्हणजे टांग्याच्या उलट दिशेला. "अगं बाई!" एवढंच मला ऐकू आलं. वळून पाहतो तो ती रस्त्यावर उताणी, उजवा हात अंगाखाली.

चालत्या गाडीतून उतरलं की पाय जमिनीवर थांबतात, पण वरचं अंग गाडीच्याच वेगानं जात राहतं. म्हणून गाडी जाते तिकडे पळायचं. वर्गात मी हे दरवर्षी बसचं उदाहरण देऊन शिकवत होतो. बसमधून उतरणारा पुढेच बघत असतो, त्यामुळे 'तोंड असेल तिकडे' हे तिथं खपतं. टांग्यात मागचा माणूस उलटा बसतो, हे मला सुचलं नाही. कसला डोंबलाचा प्राध्यापक! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मनगट मोडलं. आई सगळ्यांना सांगायची, "माझंच लुगडं पायात आलं." टांगेवाल्याला बोल लावला नाही, मला तर नाहीच. ती असं म्हणाली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मुलगी झाली, तेव्हा आईचा हात प्लास्टरमध्येच होता. दाई ठेवावी लागली. ती पोरीला पायांवर घेऊन बसायची आणि आई शेजारी पाटावर बसून सांगायची, "मान सांभाळा हं. कानात पाणी नको." मला ते बघवत नसे. मी वर्तमानपत्र घेऊन बाहेर जायचो.

एकदा तिनं मला थांबवलं. "अरे, तू सांगितलंस तशीच पळाले मी. मग पडले कशी?"

मी तिला सगळं नीट सांगितलं. पाय थांबतात, अंग थांबत नाही. तिनं एकदाच ऐकलं.

"म्हणजे मी टांग्याच्या मागोमाग पळायला हवं होतं."

"हो."

"एवढंच होय! मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"घाई होती गं."

"घाई होती, का आईला कळायचं नाही असं वाटलं?"

दाई पाणी ओतत होती, पोर रडत होती.

"तसंच वाटलं," मी शेवटी म्हणालो.

"मग तसं म्हण," आई म्हणाली. "घाईवर नको ढकलूस."