माझ्या नावाचा रोट

त्या वर्षी श्रावण लागला तसं मी मायला सांगून टाकलं, की यंदा कानबाईच्या रोटांत माझी मूठ धरू नकोस. आमच्या लोणखेड्यात, आणि तसं पाहिलं तर सगळ्या खानदेशातच, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, ते दळून देवीचे जाडजूड रोट करतात आणि ते रोट पौर्णिमेपर्यंत घरच्याच माणसांनी खाऊन संपवायचे असतात. बाहेर कोणाला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, उरवायचे तर मुळीच नाहीत. ज्याची मूठ धरली जात नाही, तो माणूस घरातून गेलेला असतो. हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच मी तसं बोललो.

माय गहू निवडत होती. तिने मान वर केली नाही. "जित्ता मानूसनी मूठ कोनी सोडस का?" एवढंच म्हणाली आणि सुपातला खडा वेचून अंगणात फेकला.

मला काय झालं होतं ते सांगतो. दोन वर्षांपासून माझ्या उजव्या गालात कळ येत असे. दुखणं म्हणावं तर ते दिवसभर दुखत नसे. पण घास चावला, चूळ भरली, दाढीचा वस्तरा गालाला लागला, कधी नुसता वारा लागला, की कानापासून ओठापर्यंत तापलेली सुई ओढावी तशी कळ निघायची. चार-दोन क्षणांत ती जायची, आणि पुढची कधी येईल या धाकात उरलेला दिवस जायचा. मी शाळामास्तर. बोलणं हाच माझा धंदा, आणि बोलताना ओठ हलले की कळ हजर. शाळेत मी फळ्यावर लिहून काम भागवू लागलो, आणि शेवटी रजा टाकून घरी बसलो.

उपाय करायचे काही बाकी ठेवले नव्हते. शहाद्याच्या बाजारातल्या दात काढणाऱ्याने माझे तीन चांगले, धडधाकट दात उपटले. पहिला काढल्यावर म्हणाला, शेजारचा असेल. दुसरा काढल्यावर म्हणाला, त्याच्या शेजारचा. चौथ्याला मी तोंड उघडलं नाही, एवढीच काय ती माझी हुशारी. वैद्यबुवांनी नाकात तेल सोडलं, मग अफूची गोळी दिली. तिने कळ जरा लांबून आल्यासारखी वाटे, पण डोकंही लांबच जाई. डोंगराकडच्या एका जाणत्याने कानशिलावर डाग दिला. त्याचा वण अजून आहे आणि टोपीखाली झाकला जातो. सरकारी दवाखान्यातलं लाल औषध मी दोन बाटल्या प्यायलो. त्याने भूक वाढते असं कंपाउंडर म्हणाला. भूक मला होतीच हो, खाता येत नव्हतं!

देवाचं म्हणाल, तर मी देव मानणारा होतो, पण मास्तराने मानावा तसा. परीक्षा त्याची, निकाल माझा. आधी मी कानबाईला नवस बोललो. कळ गेली नाही, तेव्हा दुसरा, आणखी मोठा बोललो. तोही फुकट गेल्यावर मी तिच्यावर रुसलो. पेजेवर आणि ताकावर राहून अंगातलं बळ गेलं होतं. विहिरीवर गेलो की उगाच काठाशी थांबू लागलो होतो. बायकोच्या ते लक्षात आलं होतं, आणि पाणी आणायला ती मला एकट्याला जाऊ देत नसे. मूठ धरू नकोस असं मी मायला म्हणालो त्याचा अर्थ त्या घरात सगळ्यांना कळला होता. कोणी तो बोलून दाखवला नाही.

कानबाई बसली. घरात गाणी झाली, आणि सोमवारी बायका चौरंग डोक्यावर घेऊन, वाजतगाजत गोमाई नदीवर देवी बोळवायला गेल्या. मी वाऱ्याच्या भीतीने उपरण्यात तोंड गुंडाळून दाराआड उभा राहून पाहिलं. मायने माझी मूठ धरली होतीच. माझ्या वाट्याचे रोट टोपलीत वेगळे नव्हते, पण त्यातले किती माझे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मंगळवारी, बुधवारी सगळे गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीबरोबर रोट खात होते आणि मी पेज पीत होतो. गुरुवारी दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो, तर माझा थोरला भाऊ अंधाऱ्या कोपऱ्यात बसून एकटाच रोट चावत होता. जेवून त्याला तासही झाला नव्हता. रोट चार दिवसांचा, कडक झालेला. तो चावत होता आणि मधूनमधून पोटावरून हात फिरवत होता.

"भूक लागनी व्हती," तो म्हणाला. "दुसरं काय!"

माझा भाऊ शेतकरी माणूस, चार भाकरी सहज खाणारा. पण भूक लागली म्हणून रोट खाणाऱ्याचं तोंड तसं दिसत नाही. माझ्या वाट्याचं उरलं तर माझं वर्ष वाईट जाईल, या धास्तीने तो ते संपवत होता. मग माझ्या ध्यानात आलं की वहिनीही कालपासून तेच करत होती, आणि बायकोही. माझ्या नावाचं अन्न ती सगळी माझ्यासाठी चावत होती. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. मला लाज वाटली, रागही आला. कोणाचा ते ठरवता येईना.

त्याच दुपारी मनियारीण आली. शहाद्याची म्हातारी, बांगड्यांची पेटी घेऊन दर वर्षी कानबाईच्या आधी आमच्या गल्लीत यायची, कारण देवीसाठी आणि घरच्या बायकांसाठी नव्या बांगड्या लागतात. या वर्षी सण होऊन गेला तरी तिचा पत्ता नव्हता, आणि बायकांनी दुसऱ्याच कोणाकडून बांगड्या भरून घेतल्या होत्या. तरीही ती आली. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली. एवढ्या उकाड्यात तिने ओढणी गालावरून घट्ट गुंडाळली होती.

नदीकडून वाऱ्याची झुळूक आली. मी सवयीने तोंड फिरवून गालापुढे पंजा धरला, आणि पाहतो तर तिनेही त्याच क्षणी तेच केलं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहू लागलो. गालाला न लावता, बोटभर अंतर ठेवून हात धरायचा, ही रीत ज्याला हे दुखणं आहे त्यालाच माहीत असते.

"मास्तर, कितला दात काढात?" तिने विचारलं.

मी तीन बोटं दाखवली.

"मन्हा पाच," ती म्हणाली. "आते एक बी नका काढू. हाई दातनं दुखनं नही, हाई नसनं दुखनं शे. माले वीस वरीस व्हई गयात."

यंदा सणाआधीच तिची कळ उसळली होती आणि आठ दिवस ती घराबाहेर पडली नव्हती, म्हणून तिला उशीर झाला होता. हे तिने सहज सांगितलं. मी मात्र पुष्कळ वेळ त्यावरच अडून राहिलो. दोन वर्षांत वैद्य, डॉक्टर, जाणते झाले, पण हे दुखणं असलेलं दुसरं माणूस मला भेटलं नव्हतं. असं दुखणं जगात आणखी कोणाला असेल, हेच मला कधी सुचलं नव्हतं.

मी विचारलं, मग ते जातं का?

"जास. आन परत येस. परत जास." तोंड न हलवता, ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून ती बोलत होती, मी बोलायचो तशीच. "ते येस तव्हय दम धरू नका, मास्तर. दात आवळू नका. त्याना संगे भांडू नका. दम सोडा, येऊ द्या. येस तसं जास बी."

मग तिने खाण्याची रीत सांगितली. पदार्थ कोमट, गारही नाही आणि कढतही नाही. बारीक कुस्करून दुधात भिजवलेला. गालाला ऊनऊन फडकं. घास डाव्या अंगाने, मान किंचित तिकडे कलती करून. बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली, आणि जरा वेळाने माझ्यासमोर वाटी आली. वाटीत दुधात भिजवलेला रोट होता. मनियारणीला रोट द्यायचा रिवाज नव्हता. मायने तिच्यासमोर गूळ आणि पाण्याचा तांब्या ठेवला.

पहिला घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला कळ आली, आणि अशी आली की वाटी हातातून सुटलीच असती. दोन वर्षं मी कळ आली की श्वास कोंडून, मुठी आवळून तिला अडवत होतो. त्या दिवशी मी श्वास सोडला. दुखलं कमी, असं मी म्हणणार नाही. तेवढंच दुखलं. पण कळ गेली तेव्हा मी दमलेलो नव्हतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी चौथा घास उचलला. मनियारणीने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्या बायकोच्या भरल्या हातात आणखी एक बांगडी चढवत होती.

ती गेल्यावर माय म्हणाली, "कानबाईच उनी व्हती." मी वाद घातला नाही. मास्तरकी करायची असती तर म्हणालो असतो की शहाद्याची म्हातारी आहे, तिचं घर मला माहीत आहे. पण सण होऊन गेल्यावर, गिऱ्हाईक नसताना, दुखऱ्या तोंडाने ती आमच्याच ओट्यावर का टेकली, हे मला सांगता आलं नसतं. आजही येत नाही.

पुढचं इथेच सांगून टाकतो, कारण मी खडखडीत बरा झालो असा कोणाचा समज व्हायला नको. दिवाळीनंतर मी नंदुरबारहून रेल्वेने सुरतेला गेलो. तिथल्या डॉक्टरांनीही नसच सांगितली आणि गालात स्पिरिटचं इंजेक्शन दिलं. अर्धा चेहरा लाकडासारखा बधिर झाला आणि वर्षभर आराम पडला. नंतर कळ परत आली. काही महिने येते, काही महिने जाते. मी औषध घेतो, फडकं गुंडाळतो आणि शाळेत शिकवतो. वर्गाला माहीत आहे की मास्तर मध्येच थांबले तर गप्प बसायचं. शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मी समजत होतो. मूठ धरू नकोस असं मायला म्हणालो तेव्हा मी हातच टेकले होते, आणि त्याला वैराग्य म्हणत होतो. देवीसमोर मी दोन वर्षं फक्त अटी घालत बसलो होतो. आहे ते दुखणं घेऊन तिच्या पानावर बसायचं, हे मला सुचलं नव्हतं, आणि ते शिकवायला पाच दात गमावलेली एक बाई यावी लागली. तिचे उपकार मी कसे फेडणार?

पण सांगायची होती ती पौर्णिमेची सकाळ. मधले दिवस मी वाटी वाटी करून माझा वाटा खात आलो होतो, आणि भावाच्या पोटाला थोडी सुटी मिळाली होती. त्या सकाळी टोपलीत अर्धाच रोट उरला होता. सगळे चुलीभोवती बसलो होतो. भावाने सवयीने त्या तुकड्याकडे हात नेला. मी त्याचं मनगट धरलं.

"दादा, हाऊ मन्हा शे," मी म्हणालो.

त्याने हात मागे घेतला आणि उगाच चुलीतली लाकडं सारखी करू लागला. मायने पदर डोळ्यांना लावला. बायकोने दूध कोमट करून माझ्यापुढे ठेवलं. मी रोट कुस्करला आणि खायला लागलो. मध्ये एकदा कळ आली. सगळे हात थांबले. मी श्वास सोडला, ती आली तशी गेली, आणि पुन्हा जेवण सुरू झालं. शेवटचा घास गिळून मी कानबाईला हात जोडले. मागायचं काहीच आठवेना, म्हणून नुसता नमस्कार केला, आणि वाटीला लागलेलं बोटाने निपटून खाल्लं.