नऊ पायऱ्यांची भव्यता

आमच्या कॉलेजच्या विस्तार समितीत अकरा माणसं होती आणि त्यांतल्या एकालाही नकाशा वाचता येत नव्हता. हे मी रागानं म्हणत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. मी बांधकाम विभागात कारकून. समितीपुढे नकाशे पसरायचे, कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवायचे आणि बैठक संपली की चहाचे डाग पडलेले कागद गुंडाळून परत आणायचे, हे माझं काम. एकदा घाईत मी नकाशा उलटा पसरला. त्यावर तासभर चर्चा झाली. उत्तरेच्या खिडक्या फार छान साधल्यात, असं प्राचार्य म्हणाले. त्या दक्षिणेच्या होत्या.

ते नकाशे काढणारा माणूस म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. विभागात त्यांचं टेबल खिडकीशी आणि माझं दाराशी. चोविसाव्या वर्षी ते नकाशे गिरवणारे ट्रेसर म्हणून लागले तेव्हा कॉलेज म्हणजे एक दुमजली इमारत आणि सायकलींची शेड. मुलं चारशे. आता मुलं चार हजार. इमारतीवर आणखी एक मजला चढलाय, शेडला भिंती घालून तिथे वाणिज्यचे वर्ग भरतात, जिन्याखाली झेरॉक्सचं मशीन आहे आणि भूगोलाचे सर स्वतःच्या खोलीत शिरण्याआधी एक कपाट बाहेर सरकवतात. या सगळ्या ठिगळांची रेघन् रेघ दाजींच्या हातची.

माणूस सरळ. अंगात माज नाही आणि, खरं सांगायचं तर, कणाही बेताचाच. साहेबांनी चुकीच्या जागी भिंत दाखवली तरी दाजी म्हणणार, "बघतो साहेब." मग टेबलाशी येऊन चष्मा पुसणार आणि भिंत गुपचूप योग्य जागी काढणार. इमारत उभी राहिली की साहेब पाहुण्यांना म्हणणार, "ही कल्पना माझी." मला हे बघवायचं नाही. मी तोंडावर म्हणायचो, "दाजी, जरा टेबलावर हात आपटायला शिका." ते म्हणायचे, "टेबल हलतं रे. रेघ बिघडते."

त्यांना एकच मुलगी. तिसऱ्या वर्षी ताप आला आणि तिचे पाय घेऊन गेला. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत. जीभ मात्र माझ्या बहिणीकडून आलीय आणि ती ठणठणीत आहे. शाळेत तिला रसायनशास्त्राचं वेड लागलं. स्वयंपाकघरातला व्हिनेगर, खायचा सोडा, माझ्या शर्टाची बटणं, काही म्हणून तिच्या हातून सुटलं नाही. शाळेची दोन वर्षं उरली असताना मी तिला घेऊन आमच्याच कॉलेजच्या चौकशीच्या खिडकीशी गेलो.

"केमिस्ट्री कुठे आहे?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावर." खिडकीतल्या माणसानं मान बाहेर काढून खुर्ची बघितली, जरा गोंधळला आणि मग एकदम उत्साहात आला. "तळमजल्यावर इतिहास आहे. इतिहास घे ना बाळ. चांगला विषय आहे."

"तळमजल्यावर तुम्हीही बसता की काका. कारकून होऊ का?"

हा टोला मलाही बसला, पण मी हसलो. घरी जेवताना तिनं सगळी हकिगत नकला करून सांगितली. बहीण हसली, मी हसलो. दाजी ताटावरून उठले आणि चष्मा पुसत बसले.

त्याच सुमारास अध्यक्षसाहेबांच्या मनात आलं की कॉलेजचा विस्तार करायचा. विज्ञानाची नवी इमारत, जुन्या ग्रंथालयाला नवा भाग, मध्ये हिरवळ. बाहेरून एक सल्लागार आला. काळा शर्ट, काळी पॅन्ट, बोलताना हवेत हातांनी खोके करायचा. चित्रं त्यानं काढायची आणि बांधकामाचे नकाशे आमच्या विभागानं, असं ठरलं. त्याच्या रंगीत चित्रांत आमच्या आवारात कोण कुठली उंच उंच माणसं फिरत होती. एकाच्या हातात कुत्र्याची साखळी, एका बाईच्या हातात फुगा. आमच्या फाटकावर कुत्र्यांना बंदीची पाटी आहे, पण समिती त्या कुत्र्यावर खूश झाली.

चित्रात नव्या इमारतीला तीन पायऱ्या होत्या. अध्यक्षसाहेबांनी चित्र लांब धरून बघितलं.

"समोरच्या कॉलेजला किती पायऱ्या आहेत?"

"सात," कुणीतरी म्हणालं. हे कुणीतरी मोजून आलं होतं, यावरून समितीत काय दर्जाचा अभ्यास चाले ते कळावं.

"मग आपल्या नऊ करा. भव्य दिसलं पाहिजे."

झालं. इमारतीचं जोतं साडेचार फूट वर गेलं. आत तीनही मजल्यांना लिफ्ट होती, चांगली मोठी. पण लिफ्टच्या दाराशी पोचायला आधी नऊ पायऱ्या चढायच्या. लिफ्ट बसवून तिच्याखाली जिना घालणारी माणसं मी तरी दुसरीकडे पाहिली नाहीत.

पुढच्या बैठकीत दाजी उभे राहिले. एकतीस वर्षांत कुणी न विचारता ते पहिल्यांदाच बोलत होते.

"साहेब, लिफ्टपर्यंत जायला नऊ पायऱ्या आहेत."

"लिफ्ट आहे ना पण?"

"आहे."

"मग अडचण काय?"

"चाकाची खुर्ची वर जाणार नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. उपप्राचार्यांनी घसा साफ केला. "आपल्याकडे खुर्चीतले विद्यार्थी आहेत किती? आत्ता तर एकही नाही."

एकही नाही, कारण एकालाही आत येता येत नाही, एवढं समजायला पदवी लागत नाही. अकराजणांकडे मिळून सतरा पदव्या होत्या. त्यांनी माना डोलावल्या.

दाजींनी तरी नेट सोडला नाही. त्यांनी उताराचा रस्ता सुचवला. फुटाला एक इंच चढ धरला तर साडेचार फुटांना चौपन्न फूट लांबी लागणार होती आणि ती हिरवळीतून जाणार होती. हिरवळीचं नाव निघताच सल्लागारानं डोळे मिटले. अध्यक्षसाहेब गोड हसून म्हणाले, "सूचना उत्तम आहे. फेज दोनमध्ये घेऊ."

फेज दोन हे आमच्याकडचं एक ठिकाण आहे. तिथे गेलेलं काहीही परत आलेलं नाही. मुलींच्या वाढीव स्वच्छतागृहांना तिकडे जाऊन अकरा वर्षं झाली.

त्या संध्याकाळी मी दाजींबरोबर त्यांच्या घरी गेलो. भाची दारातच होती.

"काय म्हणाले?"

"फेज दोन," दाजी म्हणाले.

बहिणीनं हातातली भांडी खाली ठेवली. माझी बहीण सहजी हार मानणारी नव्हे, पण त्या दिवशी ती म्हणाली, "इतिहास काही वाईट नाही गं." पोरीनं खुर्ची वळवली आणि ती आतल्या खोलीत गेली. त्या घरात ती गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. समितीतल्या एकेकाचे पाय बांधून त्याला नऊ पायऱ्यांखाली बसवावं आणि वरून लिफ्टची घंटी वाजवावी, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

महिन्याभरानं बांधकामाचे नकाशे तयार झाले. मी ते बैठकीसाठी लावत होतो. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात फेरबदलांचा तक्ता असतो. आधीच्या नकाशात आणि यात काय बदललं, ते तिथे लिहायचं. चौथी ओळ वाचून माझा हात थांबला. ‘जोत्याची उंची साडेचार फुटांऐवजी सहा इंच. पायऱ्या नऊऐवजी एक. शेजारी सहा फुटांचा उतार.’ अक्षर नेहमीचंच, टपोरं. वर लाल रेघही मारलेली.

"दाजी, हे काय?"

"फेरबदल."

"कुणी सांगितला?"

"मी सुचवलाय. मंजुरीला ठेवतोय. नाही म्हणाले तर खोडीन."

"आणि पाणी शिरलं तर?"

"ती जागा आवारात सगळ्यात उंच आहे. तिथे पाणी साचलेलं मी आजवर पाहिलं नाही." एवढं बोलून ते पेन्सिलीला टोक करायला लागले.

बैठकीत सह्या कशा होतात ते सांगायला हवं. नकाशा आधी अध्यक्षांकडे जातो. त्यांची सही झाली की बाकीचे पेनं उघडतात. सही करणारा नकाशाकडे बघत नाही, वरच्या माणसाची सही आहे ना, एवढं बघतो. त्या दिवशी चौतीस नकाशे होते आणि साहेबांना कुठल्याशा सत्काराला जायचं होतं. नववा नकाशा पुढे गेला तसे दाजी उभे राहिले.

"साहेब, यात एक फेरबदल आहे. जोत्याचा. तेवढा वाचून घ्यावा."

"आम्ही सगळं वाचून आलोय," अध्यक्ष म्हणाले आणि सही केली. मग बाकीच्या दहांनीही, वाचून आल्यासारखी तोंडं करून, केल्या.

याला कुणाला लबाडी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. मला तर त्यात दाजींचा नको इतका भाबडेपणाच दिसला. मी असतो तर तोंडातून चकार शब्द काढला नसता.

पुढली दोन वर्षं इमारत सगळ्यांच्या नाकासमोर उभी राहत होती आणि कुणाला काही दिसलं नाही. सभोवती पत्रे ठोकले होते आणि पत्र्यांवर ते रंगीत चित्र, नऊ पायऱ्यांसकट. समिती यायची, हेल्मेटं घालायची, चित्रापुढे उभी राहून फोटो काढायची आणि जायची. ठेकेदाराला मी एकदा विचारलं, "पायरी एकच कशी?" तो म्हणाला, "नकाशावर अकरा सह्या आहेत. मला काय करायचंय?"

उद्घाटनाच्या दिवशी पत्रे निघाले. अध्यक्षसाहेब गाडीतून उतरले, भव्यतेकडे निघाले आणि दोन पावलांत दारात पोचले. तिथे थांबून त्यांनी मागे बघितलं, वर बघितलं.

"ही जरा ठेंगणी नाही वाटत?"

सल्लागार लगेच म्हणाला की हल्ली जगभर असंच करतात. फीत कापली गेली. पण चहा झाल्यावर दाजींना प्राचार्यांच्या खोलीत बोलावणं आलं आणि नववा नकाशा घेऊन मागोमाग मीही गेलो. अध्यक्षसाहेब लालबुंद झाले होते.

"कुणी केलं हे?"

दाजींनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. मग शेजारच्या सहीवर. खोलीत असलेल्या सगळ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक नकाशा मन लावून वाचला. स्वतःच्या सहीवर चौकशी कशी बसवणार? म्हणून त्यांनी दाजींची आधी ठरलेली मुदतवाढ रद्द केली आणि निवृत्तीपर्यंतच्या अकरा महिन्यांसाठी त्यांना जुन्या नकाशांच्या खोलीत टाकलं. तिथे खिडकी नाही. मी चिडून राजीनाम्याच्या गोष्टी करायला लागलो, अर्थात दाजींच्या राजीनाम्याच्या. ते म्हणाले, "असू दे रे. तिचा प्रवेश झाला ना."

प्रवेश झाला होता. पहिल्या दिवशी बहीण आणि मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेलो. पुढे येऊ नका, असं तिनं बजावलं होतं. ती एकटी उतारावरून वर गेली, काचेच्या दारातून आत गेली, लिफ्टचं दार उघडलं आणि मिटलं. लिफ्टवरचा आकडा दोनवर जाऊन थांबला तेव्हा बहिणीनं माझा दंड इतक्या जोरात दाबला की दोन दिवस दुखत होता. मी रडलो. लाज कसली त्यात?

संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे जेवायला गेलो. दाजींनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. असा खुललेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

"कसा गेला दिवस?"

"ओटा तीन फूट उंच आहे," ती म्हणाली. "बर्नर बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येतो. बाई म्हणाल्या, भाजशील, तू आकडे लिहून घे. सगळ्यांनी प्रयोग केला, मी आकडे लिहिले."

"कुठल्या गाढवानं ते ओटे..." मी सुरू केलं. समितीसाठी माझ्याकडे शिव्या कायम तयार असतात. पण अर्ध्यातच माझी जीभ अडखळली. प्रयोगशाळेचे नकाशे मीच गुंडाळले होते. ओट्यांवर उंची लिहिली होती ती टपोऱ्या अक्षरात. तिथे कुणा अध्यक्षानं तोंड घातलं नव्हतं, सल्लागारानं हात लावला नव्हता. एकतीस वर्षं दाजी ओटा तीन फूट काढत आले होते, तसाच याही वेळी काढला होता.

भाचीलाही ते माहीत होतं. ती बापाकडे बघत होती.

"मीच," दाजी म्हणाले. "मी तुला लिफ्टपर्यंत नेलं आणि पुढे तू उभी राहशील असं धरून चाललो."

ते उठले, कपाटातून टेप आणला आणि तिच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसले. आवारातली एक वीट त्यांनी मोजायची ठेवली नव्हती आणि घरातली ही सतरा वर्षांची मुलगी त्यांनी कधी मोजली नव्हती. तिनं कोपर वाकवून हात पुढे धरला. त्यांनी जमिनीपासून टेप वर ताणला.

"अठ्ठावीस इंच," ते म्हणाले.

"थांबा," ती म्हणाली आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन जरा वर झाली. "आई, ही खालची उशी काढ. कॉलेजात मी उशी नेत नाही. बाबा, आता मोजा."