बांधालगतच्या चार ओळी

रानात पाऊल टाकलं की मावशी पहिलं तण उपटायची, माती झटकायची आणि बांधावरच्या दगडावर ते उलटं ठेवायची, मुळं वर करून. "मूळ आभाळाकडं," ती म्हणायची. "वल्या मातीत टाकलं तर उद्या परत हसत उभं राहतंय मेलं." मग पदर खोचून खुरपं घ्यायची आणि तिच्यामागं दहा-बारा बायांची टोळी सोयाबीनच्या ओळींत बसायची.

तुमच्याही गावात अशी एखादी मावशी असेल, जिला कुणी नावानं ओळखतच नाही. आमची ही मूळची इथली, अहमदपूर भागातली नव्हे. भूकंपात घर पडलं तेव्हा कडेवरची लेक घेऊन ती भावाकडे, म्हणजे आमच्या गावाला आली आणि राहिली. दुपारची भाकरी तिनं गोठ्यात बसून कधी खाल्ली नाही. भुरभुर पाऊस असला तरी गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन बांधावरच. मी आत बोलावलं की म्हणायची, "छपराची हौस फिटली माझी, पोरी."

मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी हातभर ओळीतला मूग उपटला आणि तण राखलं. मावशी पोट धरून हसली. "सासूला सांगत न्हाई. पर आधी वळखावं, मग उपटावं." पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात पहिली खुरपणी, आणि फूल लागलं की रानात पाय टाकायचा न्हाई, हे मला तिनंच शिकवलं. मुगाचं सासूला अजून कळलेलं नाही.

कुंजर आणि घोळ ही तणं मात्र ती फेकत नसे. कोवळे शेंडे ओटीत जायचे आणि संध्याकाळी लसूण-मिरची घालून त्याची भाजी व्हायची. ज्या रानात खुरपलं त्या रानातली भाजी बायांची, हा आमच्याकडचा रिवाज. त्यात कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

लेक हुशार निघाली. गावोगावची पोरं लातूरला क्लाससाठी खोल्या करून राहायला लागली होती, त्यांत तीही गेली. मावशी येईल-जाईल त्याला सांगायची, "डबा खाऊन तोंडाची चव गेली म्हनते. कुंजर मागायलीय!"

त्याच वर्षी आम्ही पहिल्यांदा सोयाबीनवर तणनाशक मारलं. मावशीला सांगितलं नाही. तिच्या टोळीचं काम काढून घेतलं हे तोंडावर कसं सांगायचं, म्हणून मी आज-उद्या करत राहिले. भित्री मी, दुसरं काय! आणि ते औषध असं, की मारल्यावर चार दिवस तण हिरवंगारच दिसतं.

फवारल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी रानात गेले, तर बांधावरच्या दगडावर एक ताजं तण, मुळं वर. पुढं कुंजराचे शेंडे खुडलेले. तशीच धावत तिच्या घरी गेले. लेक लातूरहून आलेली, ताटात भाकरी मोडून बसलेली. मावशी कढईतून भाजी वाढत होती.

"खाऊ नका! फवारलंय!"

पोरीचा हात थांबला. मावशीनं तिच्या ताटातली भाजी कढईत ओढली, कढई परसात नेली, खुरप्यानं खड्डा केला आणि भाजी पुरली. कोंबड्यांनी खाऊ नये म्हणून. हात धुऊन आली, लेकीला दुसऱ्या ताटात भाकरी दिली, वर चटणी वाढली. मला एवढंच म्हणाली, "सांगायचं की गं, पोरी."

पुढच्या वर्षापासून बांधालगतच्या चार ओळी आम्ही फवारल्या नाहीत. "या तुझ्या," मी तिला सांगितलं. ती यायची, पण दगडापाशी थांबायची आणि विचारायची, "घेऊ का?"

"घे ना, मावशी, तुझंच हाय," मी म्हणायचे. पण तिचे ते दोन शब्द दरवेळी मला लागायचे. एकदा तरी तिनं न विचारता खुडावं, एवढंच मला हवं होतं. शेवटच्या पावसाळ्यातही तिनं विचारलं.

ती जाऊन दोन वर्षं झाली. लेक नांदेडला दवाखान्यात नोकरीला आहे. परवा पाठीला पंप लावून नवरा म्हणाला, "त्या चार ओळीबी मारून घेऊ का आता?" मी नको म्हणाले. कुंजर तिथं लुसलुशीत वाढलंय. खुडावंसं वाटतं, म्हणून दगडापाशी जाऊन उभी राहते. पण आता विचारायचं कुणाला?